कैसरचा डगला आणि साळवे बाई

धायरीत आज माझं शिलाईचं दुकान उभं आहे ते साळवे बाईंमुळे. हे आधी लिहिते, बाकीचं मागून. सातवीत शाळा सुटलेली मी. असं लिहायला बसलं की अजून पेन अडतं, पण बाईंचं नाव एकदा कागदावर उतरलं की धीर येतो... बाई गेल्या तेव्हा मी पुण्यात नव्हते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून माहेरी, किनवटकडं गेले होते. सकाळी शांतारामअण्णांचा फोन आला, बाई झोपेतच गेल्या. तो ठेवते न ठेवते तोच दत्तूआबांचा. त्यांनी आधी विचारलं, "त्यानं सांगितलं का तुला?" मी हो म्हणाले. "वाटलंच मला," म्हणाले, आणि मग रडायला लागले. मीही रडत होते, आणि रडता रडता हसूही येत होतं. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बघ, दोन्ही दरबारांनी आपापले खलिते धाडले.

अण्णा आणि आबा हे सख्खे चुलतभाऊ. धायरी गाव होतं तेव्हा दोघांची शेती एकाच बांधाला लागून होती. मग पुण्यात कंपन्या आल्या, कंपन्यांतली माणसं आली, त्यांच्यासाठी इमारती आल्या. आणि ज्या बांधावरची शेळी हाकलायलाही पूर्वी कुणी उठत नसे, त्या बांधासाठी दोघं कोर्टात गेले. माझा पत्र्याचा गाळा नेमका त्या बांधावर. नवरा नव्या इमारतींना रंग द्यायचा, मी ब्लाउज शिवायचे. गाळ्याचं भाडं अण्णा घ्यायचे, वीज आबांच्या मीटरवरून यायची. अण्णा म्हणायचे, त्याची वीज घेतलीस तर गाळा सोड. आबा म्हणायचे, त्याला भाडं दिलंस तर वायर तोडतो. आणि जाताना दोघंही तेच सांगायचे, "घाबरू नको पोरी, आम्ही हाय ना." त्या 'आम्ही हाय'चाच मला धसका होता. गाळा गेला असता तर पुण्यातला आमचा मुक्काम संपला असता.

साळवे बाई महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, समोरच्याच इमारतीत एकट्या राहायच्या. साडीला फॉल लावून घ्यायला आल्या आणि माझी सगळी रडगाणी ऐकून म्हणाल्या, "अगं, तू तर आमचं बाल्कन आहेस." मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. युरोपाच्या कोपऱ्यात छोटे छोटे देश, भोवती मोठमोठी साम्राज्यं, आणि जो तो म्हणतो, मीच तुमचा रक्षक. मी विचारलं, मग पुढं काय झालं त्यांचं? "महायुद्ध," बाई म्हणाल्या. सुई बोटात जाता जाता राहिली. बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

त्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत जिवंत देखावा करायचा होता. देखाव्यात माणसं स्टेजवर नुसते हातवारे करतात, बोलणं मागून कॅसेटवर वाजतं, गर्दी बदलली की पुन्हा पहिल्यापासून. बाईंनी विषय सुचवला, पहिलं महायुद्ध का पेटलं. फ्लॅटमधले एक साहेब म्हणाले, गणपतीत जर्मनीचा बादशहा कैसर कशाला? "मग काय, दरवर्षीसारखं 'पाणी वाचवा' करू या?" बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी वाचवलेलं कुठं ठेवलंय आपण?" सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत, म्हणाल्या, "माझे आजोबा त्याच युद्धात गोऱ्यांच्या पलटणीतून इराकात बसऱ्याला गेले होते. भांडण कशाचं आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही." त्यानंतर कुणी आडवं बोललं नाही.

बाईंनी मग त्या राजांची नाती सांगितली. जर्मनीचा कैसर हा इंग्लंडच्या राजाचा आतेभाऊ, रशियाचा झार त्याच इंग्लंडच्या राजाचा मावसभाऊ. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे भाऊबंदकीच की." बाई म्हणाल्या, जन्मभर शिकवलं, पण एका शब्दात कधी सांगता आलं नव्हतं. कैसर अण्णांनी व्हावं आणि इंग्लंडचा राजा आबांनी, असं त्यांच्या मनात होतं. दोघांनीही आधी साफ नाही म्हटलं. मग बाईंनी अण्णांच्या कानावर घातलं की आबा राजा व्हायला तयार आहेत, आणि आबांच्या कानावर घातलं की अण्णा कैसर व्हायला. दोघंही वेगवेगळ्या वाटेनं येऊन हो म्हणून गेले.

कापड कमी होतं, म्हणून दोन्ही राजांचे डगले मी एकाच ताग्यातून काढले. बाईंना ते फार आवडलं. मग दोघांनी आपापली बनवलेली थर्माकोलची लढाऊ जहाजं आली. कैसरचं जहाज मोठं झालं की दुसऱ्या दिवशी इंग्लंडचं वाढायचं, ते वाढलं की पुन्हा कैसरचं, शेवटी झारला उभं राहायला जागा उरली नाही. बाई खुर्चीत बसून डोळे पुसत हसायच्या. हे मी लिहिलेलं नाही हं, म्हणायच्या, हे त्यांचं तेच करताहेत. देखाव्यात शेवटी दोघा राजांनी वसाहतींच्या वाटणीवरून आफ्रिकेचा नकाशा काढलेली चादर दोन्हीकडून ओढायची आणि ती मधोमध फाटायची, असं होतं. मी मध्ये कच्चा टाका घालून ठेवायचे, तो सुटायचा, आणि पुढच्या खेळाआधी मी तिथंच बसून आफ्रिका पुन्हा शिवायचे. मागून कॅसेटवर बाईंचा आवाज यायचा, चादर कुणाची, हे चादरीवर झोपणाऱ्याला कुणीच विचारलं नाही... ते ऐकताना दर वेळी माझे हात थांबायचे.

शेवटच्या दिवशी बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज पक्का टाका घाल." मी मशीनवर दुहेरी शिवण मारली. स्टेजवर दोघांनी ओढलं, चादर फाटेना. कॅसेट कुणासाठी थांबते? तोफा सुरू झाल्या. आबांचा मुकुट घरंगळला, अण्णांचा डगला काखेत उसवला. "सोड की रं," आबा म्हणाले. "तू सोड आधी," अण्णा म्हणाले. कॅसेटवर बाईंनी गंभीरपणे 'आणि जग पेटलं' म्हटलं, आणि त्याच क्षणी दोघंही पाय घसरून खाली बसले, आफ्रिका मांडीवर घेऊन. आधी गर्दी हसली, मग ते दोघं. कितीतरी वर्षांनी एकत्र हसले, असं गावातली म्हातारी माणसं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी उसवलेला डगला घेऊन अण्णा गाळ्यावर आले, मुकुटाचं निघालेलं कापड घेऊन आबाही आले. समोरून बाई रस्ता ओलांडून आल्या. म्हणाल्या, "दोघांनाही हिला सांभाळायचंय ना? मग हिला विचारा, काय हवंय." मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मला काही नको, फक्त माझं मशीन हलवू नका. मग आबा म्हणाले, "केस चालू राहील." अण्णा म्हणाले, "राहील की. केसचा आन् मशीनचा काय संबंध?" तो दावा अजून चालू आहे. मशीनही.

मग गाळ्यापुढं गिऱ्हाइकांना बसायला बाकडं द्यायचं दोघांच्याही मनात आलं. पुन्हा पेटायला नको म्हणून बाईंनी फळी एकाकडून घेतली आणि पाय दुसऱ्याकडून. दुपारी त्या मधोमध पेपर घेऊन बसायच्या, एका टोकाला अण्णा, दुसऱ्याला आबा. आताही दोघं येतात, आपापल्या टोकाला बसतात, मधली जागा मोकळी. परवा एक बाई ब्लाउज घ्यायला आल्या आणि तिथं बसायला गेल्या, तर दोघं एकदमच म्हणाले, "तिथं नको." मी आतून खुर्ची आणून दिली.

दुसऱ्या महायुद्धाचा देखावाही करायचाय, असं बाई बरेचदा म्हणायच्या. तो राहिला. बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, तरी तो देखावा मी उभा करीन, लिहीनही मीच, आणि तुमच्या जागी आवाजही माझाच देईन. कधी, ते आत्ता सांगत नाही, भीती वाटते. पण करीन.