ताईनं न विझवलेल्या मेणबत्त्या

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "बापू, तुयी ताई गेली रे," एवढंच ते म्हणाले. राळेगावकडच्या तिच्या खेड्यात पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच खुळा विचार होता, देवघरातला दिवा आज कुणी लावला असेल? आता महिना उलटून गेला. येणारा-जाणारा म्हणतो, "सुटली बिचारी." मला या वाक्याचा संताप येतो. तिला सुटायचं नव्हतं. तिला श्वास हवा होता.

ताई माझी मोठी बहीण. मी यवतमाळात बँकेत चिकटलो, ती कापूस-तुरीच्या घरात पडली. घरात गॅस आला तेव्हा तिनं त्याच्यावर विणलेला रुमाल घातला आणि स्वयंपाक चुलीवरच सुरू ठेवला. जळण पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं. भडकतंही झटकन आणि धूरही तसाच. "गॅसवरची भाकर आजाऱ्याची," असं तिचं मत. तिचे असे बरेच कायदे होते. त्यातला सगळ्यात कडक म्हणजे दिवा तोंडानं फुंकायचा नाही. माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला पोरं केकवर फू करायला वाकली, तशी हिनं मधे हात घातला. "वाढदिवसाले दिवा विझवतेत काय रे, येड्याहो?" मेणबत्ती पार शेवटपर्यंत जळली आणि आम्ही मेण खरवडून केक खाल्ला. त्यावरून तिला किती वर्षं चिडवलं असेल, सांगता येत नाही.

मग तिला दम लागू लागला. आधी शेतातून येताना, पुढे न्हाणीघरातून येताना. मी तिला यवतमाळला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फुंकायची तपासणी सांगितली. नाकाला चिमटा, तोंडात नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा बाहेर फेकायचा. किती हवा निघाली, किती वेगानं निघाली, ते यंत्र मोजतं. मला बाहेर बसवलं होतं. आतून तपासणी करणाऱ्या मुलीचा आवाज येत होता, "फुंका मावशी, जोरात! अजून, अजून!" पुन्हा, पुन्हा तेच. शेवटी शेरा मिळाला की रुग्णानं नीट फुंकलं नाही. डॉक्टर वैतागले, आणि मी त्यांच्याहून जास्त. परतीच्या एसटीत मी तोंड फुगवून बसलो. राळेगाव जवळ आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "पडद्यावर मेणबत्त्या जळून राह्यल्या होत्या रे. विझवा म्हणे."

फुंकणाऱ्याला जोर यावा म्हणून यंत्राच्या पडद्यावर जळत्या मेणबत्त्यांचं चित्र दाखवतात. त्या मेणबत्त्या आजवर हजारोंनी हसतहसत विझवल्या असतील.

"मंग सांगितलं काहून नाही त्या पोरीले?" मी विचारलं.

"ती पोर आपलं काम करून राह्यली होती. तिले कायले नाव ठेवा?"

पुढच्या खेपेला मीच आत शिरलो आणि सगळं सांगितलं. मुलगी आधी हसली, मग वरमली. चित्र बंद करते म्हणाली. पण ताईच नको म्हणाली. "राहू दे. माह्यापायी बापू हैराण झाला." तिनं पडद्याला हात जोडले, नळी तोंडात धरली आणि फुंकलं… मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं, खांदे थरथरले. पडद्यावरच्या ज्योती जराशा कलल्या आणि पुन्हा सरळ उभ्या राहिल्या. नळी काढून ती धापा टाकत पडद्याकडे बघत राहिली. आणि चक्क हसली. "पाह्य, एकही नाही विझली!"

डॉक्टरांनी मग शांतपणे समजावलं. माणूस कितीही जोरात फुंको, थोडी हवा छातीत शिल्लक राहतेच, आणि ती राहायलाही हवी. ताईच्या श्वासनळ्या आकसल्या होत्या, त्यामुळे ही शिल्लक वाढत चालली होती. नेमकी किती, ते मोजायचं तर काचेच्या खोलीत बसवून करायची मोठी तपासणी नागपूरला होती, पण त्यानं औषध काही बदलणार नव्हतं.

"म्हणजे मागचा कापूस घरातच, अन् नवा वेचून आणला तं ठेवा कुठी?" ताईनं विचारलं.

"अगदी तसंच."

"मंग मागचा निघत काहून नाही?"

डॉक्टरांनी ओढायचा पंप लिहून दिला. गेलेलं परत येणार नाही, हे त्यांनी मला नंतर एकट्याला सांगितलं.

त्या मुलीनं एक व्यायामही शिकवला होता. ओठांचा चंबू करायचा आणि समोरची ज्योत हालेल पण विझणार नाही, इतका सावकाश श्वास सोडायचा. हा मात्र ताईला मनापासून पटला. चूल सुटली, शेत सुटलं, पण संध्याकाळी देवघरासमोरचा हा व्यायाम सुटला नाही. सुरुवातीला ती चांगली हातभर लांब बसायची आणि ज्योत छान डोलायची. मी प्रत्येक खेपेला गेलो की पाट थोडा पुढे सरकलेला दिसे. दिवाळीनंतर गेलो तेव्हा पाट देवघराला टेकला होता. तीच आमची शेवटची भेट. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून तिनं ओठांचा चंबू केला. पाठ भात्यासारखी वरखाली होत होती. ज्योत सरळ उभी.

"हालली काय रे?"

"हालली," मी म्हणालो.

"विझली तं नाही ना?"

"नाही ताई."

तिनं समाधानानं पदरानं तोंड पुसलं.

तेरवी झाल्यावर भाऊजींनी तो पितळी दिवा माझ्या हातात दिला. "घेऊन जाय बापू, मले पाहवत नाही." आता तो आमच्या देवघरात आहे. बायको दिवा लावते आणि मी समोर पाट घेऊन बसतो, तिच्यासारखाच ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडतो. ज्योत लगेच हालते. पाट मागे घेतला तरी हालते. एवढा श्वास माझ्या छातीत नुसता पडून आहे, आणि त्यातला घोटभरही तिला देता आला नाही… ज्योत हालते, आता अगदी खरीखुरी हालते. पण हालली काय रे, असं कुणी विचारत नाही.