टेबलावरचा रिसीव्हर

रिसीव्हर टेबलावर आडवा पडला होता आणि त्यातून माझ्या आईचा आवाज येत होता. बारीक. "हॅलो... बाई वो... मन्ही पोरले बलाव ना."

मी समोर उभी. हात भांड्याच्या साबणाचे, ओले. मी हात पुढं केला तर मॅडमनी तो मधेच अडवला. अंगठ्यांनी भरलेला पंजा, पोलीस गाडी थांबवतो तसा.

"ऐसे नहीं. कैसे मांगते हैं? हाऊ डू वी आस्क?"

सोफ्यावर तिच्या मैत्रिणी बसलेल्या. महिन्याची किटी पार्टी. हातात नाश्त्याच्या, गरम लोचोच्या बशा. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"मे आय..." मी म्हटलं आणि पुढचं आठवेना. आईचा आवाज कानात असताना कुणाला आठवतं?

"मे आय स्पीक. फिर से. पूरा बोलो."

"मे आय स्पीक टू माय मदर, प्लीज."

"और स्माइल?"

हसायचं होतं मला. आईचा फोन मिळावा म्हणून या बयांपुढं दात काढायचे होते. काढले. पुन्हा सगळं वाक्य म्हटलं, दात दाखवून. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, "केवुं सरस शिखवाड्युं छे!" मग मॅडमनी पंजा बाजूला घेतला. मी रिसीव्हर कानाला लावला. नुसतं टूं टूं टूं.

"कट गया? कोई बात नहीं, फिर आएगा. अब क्या बोलते हैं?"

"थँक यू, मॅडम."

म्हटलं मी. 

आम्ही अमळनेरकडचे. बाप सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमवर होता. कापसाची धूळ खाऊन खाऊन छातीचं पार खोकं झालं त्याचं. खोकला थांबेना तेव्हा आई त्याला गावाकडं घेऊन गेली. मी कोसाडला काका-काकूंकडं राहिले आणि एका सूतवाल्या शेठच्या बंगल्यावर कामाला लागले. सतरा वर्षांची असेन. तेव्हा आमच्यासारख्यांकडं कुठला फोन? कुणाचा तरी नंबर पीपी म्हणून द्यायचा, गावाकडचा निरोप तिथं यायचा. मी बंगल्याचा नंबर आईला दिला. मॅडमनीच दे म्हटलं होतं. वर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हमने तो इसको अपना फोन भी दे रखा है." केवढे उपकार!

मॅडम संध्याकाळी स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जायची. शेठचा धंदा वाढलेला, मोठ्या लोकांत उठबस, तिथं हिची जीभ अडखळायची. क्लासात त्या वेळी मदत कशी मागायची, विनंती कशी करायची ते शिकवत होते. रात्री शिकलेलं सकाळी माझ्यावर चालवून बघायची. चुकलं तरी तिला हसणारं कोण होतं? मीच ना. आणि मी हसून जाणार कुठं?

नियमच केला तिनं. इंग्रजीत मागितल्याशिवाय काही मिळणार नाही. भांड्याचा साबण संपला, कुड यू प्लीज. घरी जायची वेळ झाली, मे आय गो नाऊ, प्लीज. संडासला जायचं तरी हातातलं काम टाकून तिच्यापुढं उभं राहायचं, मे आय यूज द टॉयलेट, प्लीज. तो संडास पण मागच्या अंगणातला, नोकरांचा, कडी तुटलेला. तिच्या शाळेतल्या पोराला वाक्य पूर्ण पाठ होतं. मी मागच्या दाराकडं निघाले की तो माझा आवाज काढून ते म्हणायचा आणि मायलेक पोट धरून हसायची. शी!

काकू म्हणायची, "शिकी ले वं पोरी, फुकट शिकाडी राह्यनी ती." मलाही तसंच वाटायचं. आपण अडाणी, आपल्याला मागायची रीत नाही. आणि खरंच नव्हती. आमच्या गल्लीत कुणाकडं पापड करायचे असले की बाया आपलं पोळपाट-लाटणं घेऊन न बोलावता यायच्या. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. त्यात प्लीज कुठं घालणार?

फोन परत आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावाकडचा चुलतभाऊ कोसाडला आला तो थेट दारातच खाली बसला. बाप गेला होता. मी भुसावळ पॅसेंजरनं पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. राख सावडायचं तेवढं सापडलं.

दहाव्याच्या दिवशी आई चुलीपुढं बसली होती. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, मलाच धीर द्यायला म्हणाली, "तुन्हा बाप तुन्हं नाव ली राह्यंता. म्हणे पोरले बलाव. म्हणीसन फोन लावा. पण तठे टाळ्या वाजन्यात, तुन्हा बी आवाज उना, हासीसन बोलनीस. माले वाटनं, पोर सुखमा शे. मंग कसाले रडावू? ठेवी दिधा फोन."

लाइन कटली नव्हती. आईनं ठेवली होती. माझा बाप मरताना मला बोलवत होता आणि माझं हसणं ऐकून आईनं ते पोटातच ठेवलं.

वाटलं, गप्प बसावं. राहू दे तिला, पोर सुखात आहे म्हणून. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी सगळं सांगितलं. मी काय बोलत होते तेही आमच्या बोलीत सांगितलं, की कृपा करा, मला माझ्या आईशी बोलू द्या.

आई म्हणाली, "मन्ही पोर, मन्हा फोन. अन् तिन्ही कृपा?" चुलीतल्या राखेत थुंकली ती. मग उठून भाकरीचं पीठ मळायला बसली.

तेराव्यानंतर मी बंगल्यावर गेले. मॅडम तेच टेबल पुसून घेत होती, नव्या बाईकडून.

"इतने दिन! छुट्टी मांगी थी? हाऊ डू वी आस्क?"

"मागायला नाही आले, सांगायला आले," मी मराठीत म्हटलं. सुरतेत आयुष्य गेलेलं, तिला कळत होतं सगळं. "त्या दिवशी माझा बाप मरत होता. आई तेच सांगणार होती. तुम्ही टाळ्या वाजवल्या."

तिचा चेहरा उतरला. "ओह, सो सॉरी. तूने बताया क्यों नहीं?"

"बोलू दिलंत?"

"मैं तो तेरे भले के लिए..."

 माझी चप्पल मागच्या दाराशी काढायची सवय होती. त्या दिवशी मी पुढच्या दारानं आले होते, चप्पल घालून. तशीच त्यांच्या गालिच्यावरून परत निघाले. मागून ती "सुनो, सुनो" करत राहिली. प्लीज काही म्हणाली नाही.

इंग्रजी मी नंतर शिकले. माझ्या पैशानं, माझ्या गरजेपुरती. कुणाकडं खरोखरी मदत मागायची तर प्लीजही म्हणते, त्यात माझं काही जात नाही. पण जे माझंच आहे, ते माझ्या हातात पडण्यासाठी मी दात काढणार नाही. पुन्हा कुणी माझ्या माणसाचा आवाज असा टेबलावर पाडून ठेवला आणि मधे पंजा धरला, तर मी वाक्य आठवत बसणार नाही. पंजा झटकीन आणि रिसीव्हर उचलीन.