आधी ओठ, मग ट्रम्पेट

महिन्यापूर्वी वहिनीचा फोन आला. "हे गेले गं..." म्हणाली, आणि मला आधी दादाचा वरचा ओठ आठवला.

विश्वासदादा माझा थोरला भाऊ. जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात फिटर, आणि कारखान्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. एकाहत्तर साली लढाईची चाहूल लागली नि बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. पाळी संपली की दादा थेट सरावाला जायचा. थकलेल्या तोंडाने, ट्रम्पेट ओठांवर दाबून वाजवायचा. एक दिवस ओठ सुजला, गाल थरथरायला लागले, ट्रम्पेटमधून नुसती हवा... डॉक्टर म्हणाले, वाजवणं सोडा. दादाने ट्रम्पेट पेटीत घालून पेटी खाटेखाली सरकवली.

शेवटी आईने मास्टरजींना बोलावलं. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले हे म्हातारे दादाचे गुरू. ओठ पाहून ते भडकलेच. "बाजा तो रोज चमकाते हो, और मुँह?"

महिनाभर ट्रम्पेटला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. मग हळूहळू शिकवणी. वाजवण्याआधी गरम पाण्यात पिळलेला रुमाल गालांवर ठेवायचा, घोड्यासारखे ओठ फुरफुरवायचे, ट्रम्पेटपासून काढलेल्या नुसत्या माउथपीसवर गुणगुणायचं. जेवढं वाजवलं तेवढीच विश्रांती. आणि वाजवून झाल्यावर खालचे, मऊ सूर काढत ओठ निववायचे. पाणी मी तापवायची. दादा फुरफुरला की मला हसू यायचं, पण त्याने एक दिवस चुकवला नाही.

थंडीत लढाई जिंकल्याची बातमी आली. कारखान्याच्या मैदानावर सोहळा ठरला. शेवटचा उंच सूर दादाने वाजवावा, की दुसऱ्याने, यावर बँडमध्ये वाद झाला. दादा म्हणाला, मीच.

"काहून धोका घेऊन राहिला रे?" मी विचारलं.

"धोका नाही गं. चार महिने तयारी करून राहिलो मी."

त्या सकाळी मांडवामागे तो रुमाल लावून बसला, सगळ्यांसमोर फुरफुरला. पोरं हसली. मग तो उभा राहिला... आणि तो सूर चढला, चढून थांबला, जराही हलला नाही. तेलकट कपड्यांतली माणसं टोप्या उडवत होती. मास्टरजी खुर्चीवरून उठून ओरडले, "शाबाश, बेटा!" आई रडत होती, मीही.

लोक हार घेऊन मागोमाग राइट टाउनच्या आमच्या घरी आले. दादा मात्र आधी मागच्या खोलीत गेला. हार हातात धरून सगळे ताटकळले, आणि आतून दहा मिनिटं खालचे मऊ सूर येत राहिले.

त्याच्या बरोबरीचे वाजवणारे कधीच थांबले. दादा गेल्या दिवाळीपर्यंत, ऐंशी ओलांडून वाजवत होता!

परवा मी त्या मागच्या खोलीत गेले. त्याच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, ट्रम्पेटच्या उंचीला, रंगाचे पोपडे उडालेत. पन्नास वर्षं त्याचा श्वास तिथे आदळत होता. पुढच्या आठवड्यात घराला रंग द्यायचाय. वहिनीने रंगाऱ्याला सांगून ठेवलंय, "भैया, इतनी दीवार छोड़ देना."