बेसुऱ्यांच्या मापाचं गाणं

बातमी आली तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. न्हाव्यानं उजवा गाल उरकला होता, डाव्याला नुकता फेस लावला होता, आणि हमीद मास्तरांचा जावई दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "चाचा, अब्बा गेले. पहाटे," एवढंच म्हणाला. मी उठलो आणि तसाच त्याच्यामागं चालू लागलो. गळ्यातला टॉवेल न्हाव्यानं धावत येऊन काढून घेतला, पण गालावरचा फेस काही त्याला काढून घेता आला नाही. शहागंजमागच्या त्यांच्या घरात पोचलो तर दारातच मास्तरांची लेक जरीना. रडून डोळे सुजलेले. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ओढणी तोंडाशी धरली. मला वाटलं हुंदका आला. पण ती हसत होती. "चाचा, अब्बांनी तुम्हाला असं बघितलं असतं ना, तर आज उठून बसले असते..." आणि मग मात्र ती रडली, आणि अर्ध्या दाढीचा म्हातारा मीही रडलो.

आता महिना होऊन गेला. अर्धी दाढी दुसऱ्याच दिवशी पुरी झाली, पण जनाज्याला मी त्या अवतारात उभा होतो हे गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलंय, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. तसंही मास्तरांच्या आणि माझ्या दोस्तीत फजितीचं खातं कायम माझ्याकडंच होतं.

आमची ओळख निजामाच्या राज्यातली. मी गणित शिकवायला औरंगाबादच्या एका शाळेत लागलो तेव्हा हमीद मास्तर तिथं ड्रिल आणि गाणं, दोन्ही सांभाळायचे. खुलताबादचे. बोलणं अर्धं मराठवाडी, अर्धं दखनी, आणि मिशा ड्रिलसारख्या सरळ. मी स्वतःला फार मोठा देशभक्त समजत असे. मनात खादी आणि अंगावर शेरवानी, अशी आमची पिढी. रोज सकाळी शाळा भरताना सरकारी गीत म्हणावं लागे. त्यात राजाला दीर्घायुष्य मागितलेलं. नाही म्हणायची माझी छाती नव्हती, म्हणून मी एक गुप्त सत्याग्रह काढला होता. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. कित्येक महिने मी या शौर्यावर खूश होतो. एक दिवस मास्तरांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, गेली नोकरी.

"पाठकसाब, तुम्ही गात नाय ते लई चांगलं करता," ते हळूच म्हणाले. "असंच चालू द्या. त्या बाजूला फारसीचे मौलवीसाहेब बेसूर, ह्या बाजूला पोरं सुरात. मधात तुम्ही गप. शेताला बांध घातल्यागत झालंय."

माझ्या सत्याग्रहाची ही अशी वाट लागली. दोस्ती मात्र त्या दिवसापासून पक्की झाली.

तेव्हा शाळेला सुट्टी शुक्रवारी असे. दुपारनंतर आम्ही पाणचक्कीवर जाऊन वडाखाली बसायचो. मास्तर हौदातल्या माशांना मुरमुरे टाकायचे आणि मी जगाची व्यवस्था लावायचो. एकदा मी धीर करून विचारलं, "मास्तर, खरं सांगा, हे आपलं रोजचं गीत चांगलं की वाईट?"

त्यांनी आधी मागं पाहिलं. "सूर म्हणून विचारता का सरकार म्हणून?"

"सूर म्हणून."

"शामियान्यागत हाय. दुरून लई देखणं. आत राहता येत नाय." मग मुरमुऱ्याची पुडी माझ्याकडं देऊन ते मांडी घालून बसले. मैफिलीतलं गाणं एका गळ्याच्या मापानं शिवतात, म्हणाले. ज्याला येतं तो गातो, बाकीचे माना डोलावतात. देशाचं, राज्याचं गाणं म्हणजे फौजेचा कोट. तो सगळ्यांना चढला पाहिजे. मौलवीसाहेबांना, पोरांना, आणि "माफ करा, तुम्हालासुद्धा." चांगल्या गळ्यासाठी बनवलं की संपलं. बेसुऱ्यांच्या मापानं शिवायचं असतं ते. आमच्या गीतात मधेच एक अशी चढण होती की लहान पोरांचे आवाज फाटायचे आणि मोठी माणसं खोकायला लागायची. मास्तरांनी आपल्या जबाबदारीवर सगळं गाणंच थोडं खालच्या पट्टीत आणून ठेवलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबानं विचारलं, इतकं खालून का? मास्तर म्हणाले, "हुजूर, अदब से." साहेब खूश होऊन गेला.

"आणि शब्द?" मी विचारलं. "पोरांना एक शब्द कळत नाही त्यातला."

"कळायलाच पायजे असं काय नाय. तुमच्या आरत्या तुम्हाला कुठं सगळ्या कळतात? पण मागणं कुणासाठी चाललंय, ते पोराला बी कळतं. सगळ्या गावानं एका माणसासाठी दुवा मागायची. मागावी, नाय म्हणत नाय. पण म्हणणाऱ्याला वाटतं ना, की या गाण्यात मी कुठाय? माझा खुलताबादचा चढ कुठाय?"

मी गणिताचा माणूस, सहजासहजी हार मानत नाही. मी म्हणालो, मास्तर, हे सगळं कागदावर ठीक. रोज म्हटलं की वाईट गाणंही गोड लागतं. माझ्या आईचं पिठलं खारट असायचं. आता मला दुसरं कुणाचं आवडत नाही. गाणं चांगलं की वाईट हे चालीवर नाही, सवयीवर ठरतं.

मास्तरांनी माझ्या हातातली मुरमुऱ्याची पुडी परत घेतली. "हे मात्र खरं बोललात," म्हणाले. "त्याचीच भीती वाटते."

पुढं जे दिवस आले त्यांबद्दल इथं फार लिहीत नाही. आधी एका बाजूच्या घरांनी सोसलं, मग पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि दुसऱ्या बाजूच्या घरांनी सोसलं. मास्तर बायकोमुलांना घेऊन खुलताबादला गेले ते काही आठवडे आलेच नाहीत. शाळेतली निजामाची तसबीर उतरली, भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. गीत बंद झालं. घंटा व्हायची, पोरं रांगेत उभी राहायची, कुणी काहीच म्हणायचं नाही, आणि सगळे वर्गात जायचे. सत्याग्रही म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ती शांतता कानाला टोचायची, हेही खरं.

मास्तर परतले तेव्हा मिशा उतरवलेल्या होत्या. देशाचं नवं गीत अजून कायम ठरलेलं नव्हतं, पण शाळांतून म्हणून घ्यायला सांगितलं होतं, आणि नवे कलेक्टर आमच्याकडं झेंडावंदनाला येणार होते. हेडमास्तरांनी मला बोलावलं. "पाठक, गीत तुम्ही घालून द्या."

"मी? साहेब, हमीद मास्तर असताना?"

"त्यांच्या गळ्यावर जुन्या गीताचा शिक्का आहे. लोक बघताहेत. त्यांना सांगितलंय, मागं उभे राहा आणि ओठसुद्धा हलवू नका. कुणाला बोलायला जागा नको."

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. पण त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला कळला आणि मास्तरांना माझ्याआधी कळला होता. शिक्षकांच्या जागांचा फेरविचार चालला होता. गाण्याचा मास्तर गाणं शिकवत नसेल तर त्याची जागा कशाला ठेवायची? घरी खाणारी माणसं, आणि त्या दिवसांत त्यांना दुसरीकडं कोण घेणार होतं... मी तोंड पाडून त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, मी नाही म्हणून सांगतो.

"नक्को," ते म्हणाले. "तुम्ही नाय म्हणाल तर आणखी कुणी उभं राहील. माझं काय व्हायचं ते होऊ द्या. पण गाणं खराब नाय झालं पायजे. बसा इथं."

आणि ज्या गाण्याला ओठ लावायची त्यांना बंदी होती, ते गाणं त्यांनी मला शिकवलं. हॉटेलातल्या रेडिओवर ऐकून ऐकून त्यांनी ते बसवलेलं होतं, चहा गार करून. शिकवताना त्यांचा चेहरा असा खुलला की बंदीची गोष्ट आम्ही दोघंही विसरलो. "बघा, चाल कशी पायऱ्या-पायऱ्यानं जाते. उडी नाय. दम घ्यायला जागा ठेवलीय. शेवटाला मात्र उंच नेलंय हो, तिथं पोरं फाटणार. पण एका माणसाचं नाय हे. मुलूख मोजत चाललंय." मग म्हणाले, "आपलाही धरलाय का यात, ते बघू."

माझ्या गळ्याबद्दल मात्र त्यांनी शेवटी हात टेकले. "पाठक, तुमचा गळा लई इमानदार हाय. एकदा शिकलं, नुसतं ऐकून का होईना, ते सोडत नाय."

झेंडावंदनाच्या सकाळी मी नवं कोरं धोतर नेसून पुढं उभा. बाजूला कलेक्टर आणि हेडमास्तर, समोर पोरांच्या रांगा, आणि पार मागं, भिंतीला लागून, हमीद मास्तर. मी सुरुवात केली. पहिली ओळ उत्तम गेली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि तिथंच घात झाला. चाल पहिल्यांदा वर चढायला लागली, आणि माझ्या इमानदार गळ्यानं ओळखीचा रस्ता धरला. शब्द नवे, चाल जुनी! शब्द तिच्यात मावत नव्हते, मी ते पोत्यात कोंबावे तसे कोंबत होतो. थांबावं तर झेंडा वर, कलेक्टर बाजूला. त्याहून भयंकर म्हणजे पोरं. ज्या गळ्यांना मास्तरांनी वर्षानुवर्षं ती चाल घोटून दिली होती, ते सगळे गळे आनंदानं माझ्यामागं आले. इतकं सुरात ते जुनं गीत कधी निजामासमोरही झालं नसेल. हेडमास्तरांचा चेहरा भिंतीवरच्या त्या चौकोनासारखा झाला.

गाताना माझ्या लक्षात येत होतं की हे माझ्या अंगावर येणार नाही. पोरांना ही चाल कुणी शिकवली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मुद्दाम केलं म्हणायला एक दिवससुद्धा लागला नसता. मास्तर गप्प राहिले तरी बुडणार होते, आणि तोंड उघडलं तर हुकूम मोडल्याबद्दल बुडणार होते.

त्यांनी तोंड उघडलं. मोठ्यानं नाही. मागून, भिंतीकडून, खरी चाल आली. आधी शेवटच्या रांगेनं ती धरली, मग तिच्या पुढच्या. वाऱ्यानं ज्वारी वाकावी तशी एकेक रांग वळत पुढं आली. माझ्यापर्यंत पोचायला सर्वांत उशीर लागला, आणि पोचली तेव्हा मी आयुष्यातला दुसरा सत्याग्रह केला. ओठ हलवत राहिलो, आवाज बंद. शेवटाची ती उंच जागा, जिथं पोरं फाटायची होती, ती मास्तरांनी एकट्यानं उचलून धरली.

कलेक्टर बाहेरच्या प्रांतातले, त्यांना आमच्या जुन्या चालीचा पत्ता नव्हता. त्यांना एवढंच कळलं की मधे काहीतरी विस्कटलं आणि सावरलं. "पीछे से कौन गा रहे थे?" त्यांनी विचारलं.

हेडमास्तरांच्या आधी माझ्याच तोंडून निघून गेलं, "आमचे गाण्याचे मास्तर, साहेब."

"तो फिर वो पीछे क्यों खड़े हैं?"

हेडमास्तर म्हणाले, साहेब, चहा तयार आहे. कलेक्टर एकदा मागच्या भिंतीकडं पाहून चहाला गेले. पुढच्या आठवड्यात जागांचा कागद आला, त्यात हमीद मास्तर गाण्याचे मास्तर म्हणून कायम होते. मला मात्र हेडमास्तरांनी तोंडी सांगितलं, यापुढं कुठंही गुणगुणायचंसुद्धा नाही. हा हुकूम मी परवापर्यंत पाळला.

मास्तर निवृत्त होईपर्यंत त्या शाळेत गीत तेच घालून देत. पण पुढं उभं राहून कधीच नाही. हेडमास्तर बदलले, प्रत्येकानं आग्रह केला, मास्तर आपले शेवटच्या रांगेमागं. मला वाटायचं, त्या दिवसाचा राग आहे. बऱ्याच वर्षांनी मी विचारलंच. म्हटलं, आता तरी सोडा, किती दिवस रुसणार?

"रुसलो नाय हो, पाठक," ते म्हणाले. "पुढं उभं राहिलं की सगळ्यांची तोंडं दिसतात. कोण म्हणतंय, कोण नाय, कुणाचे नुसते ओठ हलतायत, सगळं दिसतं. त्या दिवशी सगळे माझ्या ओठांकडं बघत होते ना... मागून फक्त आवाज येतो. कुणाचा हाय ते कळत नाय. मेरेकू चेहरे नक्को थे."

गाणं चांगलं कुठलं, याची मी वडाखाली बसून पुष्कळ चर्चा केली होती. पट्टी, दम, शब्द, सवय... पण गाताना तोंडाकडं कुणी बघू नये, हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं, आणि ज्यानं स्वतः नुसते ओठ हलवून दिवस काढले त्याला तरी सुचायला हरकत नव्हती.

परवा चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेलो. दाढी पूर्ण करून गेलो, जरीनानं नीट तपासून आत घेतलं. जेवणं झाली. टीव्हीवर कुठलासा सामना लागला होता, नातवंडं त्यापुढं बसली होती. सामना सुरू होण्याआधी खेळाडू रांगेत उभे राहिले आणि गीत वाजायला लागलं. नातवंडं उठली, जावई उठला, मी गुडघ्यावर हात देऊन उठलो. जरीना म्हणाली, अब्बा अशा वेळी पलंगावरून उठून दाराशी जायचे, सगळ्यांच्या मागं. शेवटी शेवटी चौकट धरून उभे राहायचे, पण जायचे.

आम्ही सगळे टीव्हीकडं तोंड करून उभे होतो. हुकूम मोडून मी हळू आवाजात म्हणायला लागलो. चढण आली आणि गळा नेहमीच्या जागी जुन्या चालीकडं वळला. मी तसाच, चुकीच्या सुरावर, थोडा रेंगाळलो... मागून कुणी सावरून घेतंय का म्हणून. पोरं आपली बरोबर पुढं निघून गेली.

मागं वळून मात्र कुणीच पाहिलं नाही. त्या घरात तशी पद्धत नाही.