मागच्या चाकाची कुरकुर

पळस्प्याच्या फाट्याजवळचे आमचे गॅरेजवाले आरशातून माझ्याकडे टक लावून बघतात, असं मी एकदा आमच्या ह्यांना सांगितलं होतं. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "त्यांना चष्मा लागला असेल." मी दोन दिवस अबोला धरला. आणि पुढच्या खेपेला गॅरेजमध्ये जाताना अबोलीचा गजरा माळून गेले, हेही सांगून टाकते. हसा खुशाल.

आमच्या गाडीचं दुखणं मागच्या बाजूला होतं. स्पीड ब्रेकरवरून उतरली की पाळण्याच्या कडीसारखी कुरकुरायची. असले आवाज शोधावेत तर त्यांनीच, असं अख्खं पनवेल म्हणायचं. खारघरचे नोकरदार यायचे, जासईच्या कंटेनर यार्डातले लोक यायचे. नम्रपणा मात्र औषधालाही नव्हता. कुणी "शॉकअप गेलेत वाटतं" म्हणालं की गाडीची किल्ली त्याच्या हातात परत. "तुमाला कळतंय ना? मंग तुमीच करा!"

त्यांची पद्धत ठरलेली होती. गाडी ते स्वतः चालवणार, मालकाला मागे बसवणार आणि आरसा वळवून त्याचं तोंड दिसेल असा लावणार. मग फाट्यामागच्या ब्रेकरवरून गाडी मुंगीच्या पावलांनी घ्यायची. आधी एक चाक, मग दुसरं. मध्ये शब्द एकच, "परत." असं चार-सहा वेळा झालं की खाली उतरून नेमक्या रबरावर बोट.

त्या गजऱ्याच्या दिवशीही त्यांनी आरसा वळवला. मी पुढे झुकून तो माझ्या हातांनी सरळ केला. "दादा, आरसा रस्त्यासाठी असतो." त्यांनी गिअर टाकला.

त्या दिवशी "परत" संपेचना. उजव्या शॉकअपचं रबर बदलून झालं, डावीकडचं खोललं, तरी कुरकुर तिथंच. गॅरेजसमोर थांबलेली गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघून हसायला लागली. "दादांचा पण नेम चुकतो म्हणायचा," एकजण म्हणाला. त्यांची मान घामानं निथळत होती. पुन्हा ब्रेकरवर गेलो. या वेळी गाडी अशी किंचाळली की कडेला झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. त्यांनी मात्र मान न वळवता विचारलं, "ताई, आला का आवाज?"

माझा गजरा तिथल्या तिथं कोमेजला असावा.

सारं गाव ज्यांच्या कानांवर भरवसा ठेवून येत होतं, त्यांनाच आवाज ऐकू येत नव्हता. आरशातून ते बघत होते ती माझ्या कपाळावरची आठी. कुठलं चाक चढताना ती पडते, एवढंच. बाकी माझ्यात बघण्यासारखं काही होतं, हा शोध एकट्या माझा.

मी हात लांबवून आरसा पुन्हा वळवला. "परत घ्या, दादा." डावं चाक चढलं, मी मखरातल्या गौरीसारखी शांत. उजवं चढलं, मी कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं. ते उतरले, गाडीखाली शिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "शॉकअप नाय! उजवा एक्सलचा बुश हाय. मी सांगतो ना!" मग मला दटावलं, "आरशाला हात लावत जाऊ नका."

पुढं कितीतरी वर्षं मी लोकांच्या गाड्यांत मागे बसले. काही माणसांच्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही. असं गिऱ्हाईक आलं आणि मी तिथं असले की हाक यायची, "ताई, जरा बसता का मागं?" मी बसायची, तोंडं वेडीवाकडी करायची. का, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळी सोसायटी जाणते, पण ही गोष्ट मी ह्यांनाही कळू दिली नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जाऊन राहिले आणि परत आले, तर गॅरेजचं शटर खाली. शेजारचा टायरवाला म्हणाला, "दादा गेले. तापाचं निमित्त झालं."

गावात त्यांच्या घरी गेले. बायको ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांचं नाव राहावं म्हणून मी आपलं म्हणाले, "कान फार तयार होता हो त्यांचा."

सुकटीतला हात थांबला. माझ्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "बाई, आमी पन त्यांना कदी कळू दिला नाय. जेवाला हाका मारायचा मी सोडला व्हता. जाऊन खांद्याला हात लावायची. ते म्हनायचे, 'ऐकला, ऐकला, येतो.'"