फोटोपुरतं उभं राहा

२५ जून २०२५. डोंबिवलीतलं सभागृह. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या अकरा म्हाताऱ्यांचा सत्कार, त्यांत माझे बाबा. मी दुसऱ्या रांगेत.

शाल पांघरून झाली. बाबांनी माइककडे हात नेला. आयोजक आमच्या भागातले बिल्डर, शिवाय पुढारी. हसत म्हणाले, "आजोबा, भाषण नको. फोटोपुरतं उभं राहा."

"एकच वाक्य आहे."

माइक बंद झाला.

ते वाक्य मला पाठ आहे. शहात्तरला सरकारने लोकसभेची निवडणूक पुढे ढकलली. बाबा कल्याण स्टेशनाबाहेर ओरडले, "निवडणुका घ्या." जवळजवळ वर्ष आत काढलं. कारखान्यातली नोकरी गेली. विठ्ठलवाडीच्या चाळीत आईशी कुणी बोलेना. मी दोन वर्षांचा.

आता आमच्या पालिकेची मुदत संपून वर्षं लोटली. नगरसेवक नाहीत, प्रशासक आहे. पाणी येत नाही तर विचारायचं कुणाला? बाबांना तेच वाक्य पुन्हा म्हणायचं होतं.

आयोजक खाली येऊन माझ्या कानाशी वाकले. "तुम्ही शिकलेले. समजवा ना वडिलांना. आनंदाचा कार्यक्रम आहे."

आजवर मी असल्या माणसांपुढे मान हलवत आलो. घर, हप्ते, मुलांची कॉलेजं. त्या दिवशी मान हलली नाही.

"त्यांना बोलू द्या," मी म्हणालो.

त्यांनी दुसरा माइक घेतला. "मंडळी, नाश्ता तयार आहे."

सभागृह उठलं. बाबांनी ते वाक्य पाठमोऱ्या माणसांना ऐकवलं. शेजारचे सत्कारमूर्ती, त्यांच्याच बराकीतले, म्हणाले, "बस रे आता. या वयात परत आत गेलास तर गोळ्या कोण देणार?"

ज्या कारणासाठी ही माणसं तुरुंगात गेली, ते सोडून सगळ्याचा सत्कार चालू होता.

रविवारी बाबा आणि मी पुठ्ठ्यावर ते वाक्य लिहून त्याच कल्याण स्टेशनाबाहेर उभे राहिलो. दोन तासांत तिघे थांबले. एकाने रिक्षास्टँड विचारला. ओळखीचे जोशीकाका रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

हवालदार आला. "काका, परवानगी आहे का?"

"तेव्हाही नव्हती," बाबा म्हणाले.

तो जरा घुटमळला. "अर्ध्या तासात आटपा."

बाबांचे गुडघे सुजलेत, पुढच्या रविवारी त्यांना जमायचं नाही. मी एकटा जाईन. अर्ध्या तासात आटपणार नाही. मतदानाची तारीख जाहीर होईपर्यंत दर रविवारी तिथेच उभा राहीन. उचलून न्यायचं तर न्यावं. घरी सांगून ठेवलंय.