गप्प जनुक आणि पुडीची घडी

डॉ. शालिनी वानखडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या पुडी बांधत होत्या. मी पीएच.डी.साठी भेटायला जवळच्याच मालेगावहून एस.टी.ने वाशीमला, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आलेली; आणि ज्यांच्या नावाने मला धडकी भरली होती, त्या बाई एका चिठ्ठीची किराणा दुकानातल्यासारखी घडी घालून टोक आत खोचत होत्या. इंझोरीला त्यांच्या वडिलांचं लहानसं दुकान होतं, हात तिथे घडलेला. "तुले जमते काय हे घडी?" त्यांनी विचारलं. मला मनात हसू आलं. मी विज्ञान शिकायला आले होते, पुड्या बांधायला नव्हे. घडी मी शिकले नाही आणि तेच मला भोवलं.

त्या चिठ्ठीत मोठं काम दडलेलं असे. कोणत्या बशीतल्या पेशींवर काय प्रयोग केला, हे फक्त मॅडम लिहीत आणि पुडी स्टीलच्या डब्यात ठेवत. झाकणावर त्यांच्या आईंचं नाव कोरलेलं. आम्ही नुसत्या क्रमांकावरून मोजणी करायची. डबा शनिवारी सर्वांसमोर उघडायचा. माणसाला हवं तेच दिसतं, म्हणून ही खबरदारी.

मॅडमचा विषय थोडक्यात सांगते. जनुकाचा निरोप आरएनएच्या रूपाने केंद्रकाबाहेर येतो आणि त्यावरून प्रथिन बनतं. काही निरोपांना पेशी मध्येच गप्प करते. हे गप्प निरोप आणि त्यांना गप्प करणारी प्रथिनं केंद्रकाबाहेर बारीक कणांत एकवटलेली दिसतात. मॅडमचं अनेक वर्षांचं म्हणणं असं, की गप्प करण्याचं काम या कणांतच होतं. कण मोडले, तर जनुक पुन्हा बोलेल. त्यावरचा त्यांचा लेख स्वीकारला गेला होता. छपाईपूर्वीची शेवटची संमती तेवढी द्यायची राहिली होती.

शेवटची पडताळणी माझ्याकडे होती. जनुकाला उजेड देणारं प्रथिन जोडलेलं: बोललं तर उजेड, गप्प राहिलं तर अंधार. एका बशीत कण पार मोडलेले होते, आणि तरी अंधार. मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. अंधारच. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला, चिठ्ठी वाचली. मॅडमनी मुद्दाम कण मोडले होते ती हीच बशी होती; म्हणजे कण मोडूनही जनुक गप्पच होतं. मी चिठ्ठी चौघडी करून परत ठेवली आणि वहीत त्या बशीपुढे लिहिलं, 'बुरशी लागली, मोजू नये.'

शनिवारी सगळे टेबलाभोवती जमले. मॅडमनी डबा उघडला, चिठ्ठी हातात घेतली आणि थांबल्या. चिठ्ठीला पुडीची घडी नव्हती, आणि ती घडी न येणारी तिथे मीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमी सारे चहा घेऊन या," एवढंच म्हणाल्या. मला मात्र खुणेने थांबवलं.

माझी वही वाचून त्यांनी ती बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. किती वेळ पाहत होत्या कोण जाणे.

"बुरशी कुठी हाय?"

मी वहीतली ती ओळ हाताने झाकली.

"जनुक गप्प बसलं ते बसलं. तू काहून गप्प बसली वं?"

"मॅडम, तुमचा लेख..."

"लेख माहा हाय. पेशी काही माह्या नाई." मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "तुया मालेगावच्या स्टँडवर एस.टी. बंद पडली का गर्दी जमते. गर्दी पांगवली तं एस.टी. सुरू होते काय?"

त्या एका वाक्यात त्यांनी आपलं अनेक वर्षांचं म्हणणं मोडून टाकलं होतं. निरोप आधी गप्प होतात. कण नंतर जमतात. प्रयोग त्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्याकडून पुन्हा करून घेतला, निकाल तोच आला, आणि लेख त्यांनी स्वतः मागे घेतला. त्या पत्रावर त्यांनी सही केली तेव्हा मी समोरच उभी होते. चूक फक्त स्वतःची म्हणून त्यांनी सर्वांना सांगितली. डब्याविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत.

मला शिक्षा झाली. सहा महिने मोजणी बंद आणि रोज सकाळी दहा पुड्या बांधून दाखवायच्या. एखादी सैल झाली की, "सोड, पुन्ना बांध!"

गौरवग्रंथाच्या संपादकांनी मॅडमच्या प्रेमळपणाचा एखादा प्रसंग मागितला. माझ्याकडे हाच आहे, आणि तो आज मी पहिल्यांदा लिहिते आहे. माझे सहकारी वाचतील, माझ्या विद्यार्थिनीही वाचतील. भीती वाटते, पण आता गप्प बसवत नाही.

मॅडम, साठ वर्षं पूर्ण झाली, गुडघे सांभाळा, साखर सांभाळा. निवृत्त होताना दिलेला तुमचा डबा माझ्या टेबलावर आहे. त्यात माझ्या विद्यार्थिनीने लिहिलेली चिठ्ठी आहे, आणि या खेपेला निकाल माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणार अशी मला धास्ती आहे. तुम्हाला खूप वर्षं ठणठणीत राहायचं आहे, कारण असे शनिवार अजून पुष्कळ यायचे आहेत. या शनिवारी तुम्ही या. घडी तपासून पाहा. पुडी मी उघडलेली नाही.